एकोणीस मतांचं राज्य

रविवार, २७ ऑक्टोबर २०२४

धाकट्या बहिणीचं घर फिलाडेल्फियाच्या वायव्येला, किंग ऑफ प्रशियाजवळ. नावावरून राजवाडा वगैरे डोळ्यांसमोर येतो, प्रत्यक्षात आहे तो भलामोठा मॉल आणि त्याच्या आजूबाजूच्या कॉलन्या. तेलुगू आणि गुजराती मंडळी भरपूर, मराठी घरंही बऱ्यापैकी. मी आले दिवाळीसाठी. तिकीट काढताना निवडणुकीचा विचार डोक्यात नव्हता, पण येऊन पडले ती मतदानाच्या तोंडावर आणि नेमकी पेनसिल्व्हेनियात.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष देशभरातल्या मतांच्या बेरजेवर ठरत नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक मतं, एकूण ५३८, त्यातली २७० मिळवणारा जिंकतो. बहुतेक राज्यांत जो पुढे तो त्या राज्याची सगळी मतं घेऊन जातो. कॅलिफोर्निया कोणाची आणि टेक्सास कोणाचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुंपणावर बसलेली राज्यं सात, आणि त्यांत सगळ्यात वजनदार पेनसिल्व्हेनिया, १९ मतांचं. २०१६ मध्ये रिपब्लिकन ट्रम्प इथे जेमतेम ४४ हजारांनी जिंकले, २०२० मध्ये डेमोक्रॅट बायडेन ८० हजारांनी. एक कोटी तीस लाख वस्तीच्या राज्यात हे म्हणजे काहीच नाही. त्यामुळे दोन्ही पक्षांचा पैसा इथे पाण्यासारखा वाहत होता. शनिवारचं टपाल टेबलावर तसंच पडलेलं होतं: गुळगुळीत कागदाचे प्रचाराचे पत्ते, एकावर डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस हसतायत, दुसऱ्यावर त्याच हॅरिस काळ्यानिळ्या, भुतासारख्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. त्यामुळे इलेक्शन ड्युटी चुकली नाही कधी. निवडणूक दिसली की माझं लक्ष आधी यादीकडे आणि रांगेकडे जातं, भाषणांकडे नंतर. इथे मात्र सुरुवात घरातूनच झाली. बहीण आणि भाची हॅरिसच्या. भाचा कॉलेजात आहे, तो ट्रम्पचा. मेव्हणे पत्ते उघडायला तयार नव्हते.

संध्याकाळी टीव्हीवर न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली ट्रम्प यांची सभा लागली होती. कुस्तीवाला हल्क होगन आला, मस्क आले. त्याआधी एका विनोदवीराने अमेरिकेच्याच अखत्यारीतल्या पोर्तो रिको बेटाला समुद्रात तरंगणारा कचरा म्हटलं होतं, ते तुकडे पुन्हा पुन्हा दाखवत होते. भाची उसळली. भाचा म्हणाला, "मावशी, तो कॉमेडियन आहे गं, पुढारी नाही." मग त्याने मला जो रोगनच्या पॉडकास्टवरची ट्रम्प यांची दोन दिवसांपूर्वीची मुलाखत ऐकायला बसवलं. जवळजवळ तीन तास! मी वीस मिनिटं ऐकली. कीर्तनकार मूळ अभंग सोडून भलतीकडे जातो आणि लोक तरी बसून राहतात, तशातली गत. पण एवढं कळलं, की विशीतल्या मुलांपर्यंत पोचायचा रस्ता ट्रम्पच्या लोकांनी बरोब्बर हेरला होता. कुस्ती, मारामारीचे सामने, गप्पांचे पॉडकास्ट. "तिथे कोणी मला 'तू पुरुष आहेस म्हणून तुझं चुकतं' असं म्हणत नाही," भाचा म्हणाला. त्याला घरात तसं कोणी म्हटलेलं नाही, पण कॉलेजात आपल्याला तसं ऐकावं लागतं, असं त्याचं म्हणणं.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

बहिणीचं ॲलनटाउनला काम होतं, गाडीने तासाभराचा रस्ता. योगायोग असा, की त्याच संध्याकाळी तिथे ट्रम्प यांची सभा. ॲलनटाउनमध्ये निम्म्याहून जास्त वस्ती लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेकडून आलेल्या घरांची, त्यात पोर्तो रिकोची माणसं सगळ्यात जास्त. म्हणजे जिथे विनोद झोंबला त्याच गावात दोन दिवसांत सभा.

हॅमिल्टन स्ट्रीटच्या एका बाजूला ट्रम्प समर्थकांच्या लाल टोप्यांची रांग, दुसऱ्या बाजूला पोर्तो रिकोचे झेंडे घेतलेली मंडळी. आम्ही जेवायला एका छोट्या हॉटेलात शिरलो. भात, राजम्यासारखी उसळ, तळलेली कच्ची केळी. गल्ल्यावर बाई, मागे भट्टीशी तिचा नवरा. बहिणीने सहज विचारलं आणि बाईंनी तोंड सोडलं. "माझी आई त्या कचऱ्यात राहते," हे दोन-तीनदा म्हणाल्या. नवरा मागूनच ओरडला, "तेलाचा डबा चार वर्षांपूर्वी केवढ्याला होता ते सांग की त्यांना!" मग दोघांचं स्पॅनिशमध्ये जुंपलं. आम्ही मुकाट्याने केळी संपवली.

जाताना तो टेबलापाशी आला. बायडेन म्हातारा झाला होता तरी त्याला मत दिलं होतं म्हणाला. या बाईला का नाही, असं बहिणीने विचारलं. तो म्हणाला, "पुतिनसमोर ती बसलेली मला दिसत नाही." आम्ही अर्थातच विचारलं, की हिलरी क्लिंटन बसलेल्या दिसल्या असत्या का? "ती तर त्याहून नाही." गल्ल्यावरच्या बाई आमच्याकडे बघून डोळे फिरवत होत्या.

याच महिन्याच्या १० तारखेला बराक ओबामांनी पिट्सबर्गमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना सुनावलं होतं: बाई राष्ट्राध्यक्ष होणार ही कल्पनाच तुम्हाला पचत नाहीये, बाकीची कारणं तुम्ही शोधून काढताय. त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली, आम्हाला काय अक्कल शिकवता म्हणून. हॉटेलवाल्याचं ऐकून मला दोन्ही खरं वाटलं. तेलाचा डबा खोटा नव्हता. पण तेलाचा डबा पुढे करून झाल्यावरच पुतिन आला, हेही तितकंच खरं.

सभेला आम्ही गेलो नाही. रात्री बातम्यांत कळलं, की बायडेन ट्रम्पच्या समर्थकांनाच कचरा म्हटल्यासारखं काहीतरी बोलून बसले, आणि ते रिपब्लिकन सिनेटर मार्को रुबिओंनी ॲलनटाउनच्या मंचावर येऊन लगेच सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ट्रम्प विस्कॉन्सिनमध्ये कचऱ्याच्या ट्रकमध्ये बसले, अंगात सफाई कामगाराचं नारिंगी जाकीट. भाचा पोट धरून हसला.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी. पहाटे बाथटबमध्ये अभ्यंगस्नान, कारीट नाही म्हणून चिरडायला चेरी टोमॅटो. संध्याकाळी पोरं भुतंखेतं होऊन चॉकलेट मागत दारोदार. हवा उन्हाळ्यासारखी. फिलाडेल्फियात अख्ख्या ऑक्टोबरात पावसाचा थेंब पडला नव्हता, नोंदी ठेवायला लागल्यापासून असा महिना पहिलाच.

शेजारच्या घराच्या अंगणात ट्रम्प यांची पाटी. त्या घरातल्या आजी नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. त्या आणि मी दोन घरांच्या मधल्या गवतावर खुर्च्या टाकून बसलो, मांडीवर चॉकलेटच्या परड्या. पाटी यजमानांची, असं त्यांनी मी न विचारताच सांगितलं.

त्या आठवड्यात टीव्हीवर एका जाहिरातीचा गवगवा होता. आवाज ज्युलिया रॉबर्ट्सचा. नवरा-बायको मतदान केंद्रावर येतात, बायको आडोशाला जाते, समोरच्या बाईशी नजरानजर होते आणि हॅरिसना मत देऊन येते. नवरा विचारतो, बरोबर दिलंस ना? ती हो म्हणते. यावर फॉक्स न्यूजचे जेसी वॉटर्स म्हणाले होते, की आपल्या बायकोने असं चोरून हॅरिसना मत दिलं तर ते परपुरुषाबरोबर भानगड करण्यासारखंच आहे. आणि बुधवारी कचऱ्याच्या ट्रकमधून उतरल्यावर ग्रीन बेच्या सभेत ट्रम्प म्हणाले, बायकांना आवडो न आवडो, मी त्यांचं रक्षण करणार.

मी आजींना विचारलं, त्यांना काय वाटतं? त्यांनी एका छोट्या स्पायडरमॅनच्या पिशवीत मूठभर चॉकलेटं टाकली आणि म्हणाल्या, "सगळ्यांना वाटतं आम्ही घाबरतो. मी चाळीस वर्षं नवऱ्याशी वाद घालतेय. मी काय करते ते त्याला चांगलं माहीत असतं." मग त्या स्वतःच गर्भपातावर आल्या. सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा रो निकाल जून २०२२ मध्ये फिरवला, तेव्हापासून प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. पेनसिल्व्हेनियात २४ आठवड्यांपर्यंत परवानगी आहे, टेक्सासमध्ये जवळजवळ पूर्ण बंदी. "नर्स म्हणून मी जे बघितलंय त्यामुळे कोर्टाचा निकाल मला पटला नाही," त्या म्हणाल्या. मग हॅरिस? "नाही. सीमेवर यांनी जो घोळ घातलाय तो मला अजिबात मान्य नाही." पाटी यजमानांची होती, पण मत बाईंचंही तेच होतं, आणि कारण पूर्णपणे त्यांचं स्वतःचं.

जाहिरात करणाऱ्यांनी अशा बाईचा विचार केला नव्हता. नवऱ्याला भिणारी बाई त्यांना सापडली होती. विचार करून नवऱ्याच्याच बाजूला बसलेली बाई त्यांच्या चित्रात कुठे बसेना.

आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ चा, २०२१ मध्ये त्यातली गर्भपाताची मुदत वाढवली. त्यावरून एकही निवडणूक लढली गेल्याचं मला आठवत नाही. लिंगनिदानाचं पाप आपल्या माथी आहे ते आहेच, पण प्रचारसभेत कोणी गर्भाशयावर बोलत नाही. इथे दर अर्ध्या तासाला जाहिरातीत तेच.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. यंदा आदल्या दिवशी की आज, यावरून व्हॉट्सॲपवर भारतातूनच घोळ चालू होता. आमच्याकडे दाते पंचांगाप्रमाणे आज. मेव्हण्यांनी मिशिगनचे खासदार श्री ठाणेदार यांचं कौतुक सांगितलं, बेळगावात वाढलेला मराठी माणूस अमेरिकेच्या संसदेत. मत कोणाला, हे तरीही सांगितलं नाही. टपालाने केव्हाच पाठवून दिलंय म्हणाले. बहीण चिडली. ज्या घरात बायकोचं गुपित मत शोधायला सगळा देश निघाला होता, तिथे गुपित नवऱ्याचं निघालं!

शनिवार, २ नोव्हेंबर

सकाळी व्हॅली फोर्जला गेलो. १७७७-७८ चा हिवाळा जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याने इथे काढला, म्हणून मोठं उद्यान राखलंय. पण मला बघायची होती तिथल्या वॉशिंग्टन मेमोरियल चॅपलमधली घंटा. भाचीने आदल्या रात्री सांगितलं तेव्हापासून डोक्यात बसली होती.

फिलाडेल्फियाची तडा गेलेली लिबर्टी बेल जगाला माहीत आहे. ही तिची प्रतिकृती, १९१५ सालची, तड्याशिवाय. कॅथरीन वेंटवर्थ रशेनबर्गर नावाच्या बाईंनी स्वतःच्या खर्चाने ओतवून घेतली. नाव जस्टिस बेल. त्या वर्षी पेनसिल्व्हेनियात बायकांना मताधिकार द्यायचा की नाही यावर मतदान होतं. बायकांनी ही घंटा ट्रकवर चढवली आणि राज्याच्या सगळ्या ६७ काउंट्यांतून, म्हणजे जिल्ह्यांतून, फिरवली. गंमत म्हणजे घंटेची लोळी साखळीने बांधलेली. बायकांना मत मिळेपर्यंत वाजवायचीच नाही. गावोगाव मुकी घंटा बघायला लोक जमत.

मतदान झालं २ नोव्हेंबर १९१५ ला, म्हणजे तारीखसुद्धा आजचीच. मत देणारे अर्थात सगळे पुरुष. ठराव पडला. पश्चिमेकडच्या बऱ्याच काउंट्यांनी बाजूने कौल दिला होता, फिलाडेल्फियाने विरोधात जाऊन पाडला. आज हॅरिस यांची सगळी भिस्त ज्या फिलाडेल्फियावर आहे, त्याच शहराने. पाच वर्षांनी, १९२० मध्ये, एकोणिसावी घटनादुरुस्ती झाली आणि २५ सप्टेंबरला इंडिपेंडन्स स्क्वेअरमध्ये घंटा पहिल्यांदा वाजली. चॅपलमध्ये आम्ही दोघीच होतो. मी कडेने हात फिरवला. हाताखाली थंडगार, आणि अक्षरं चांगली उठावदार.

दुपारी भाचीबरोबर बक्स काउंटीत, लेविटाउनला. ती घरोघरी प्रचाराला जाणार होती, मी नुसती सोबत. वाटेत वावाच्या दुकानात थांबलो. बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दारावर आतून गुलाबी चिठ्ठी चिकटवलेली: तुमचं मत गुप्त आहे, ते कोणालाही कळणार नाही. अशा चिठ्ठ्या देशभर लावत होते म्हणे.

लेविटाउन म्हणजे १९५० च्या दशकात एका साच्यात काढल्यासारखी हजारो घरं, जवळच्या पोलाद कारखान्यातल्या कामगारांसाठी. कारखान्याचे ते दिवस गेले. भाचीच्या फोनवर मिनीव्हॅन नावाचं ॲप. त्यात नेमून दिलेला भाग, त्याला हे लोक टर्फ म्हणतात, आणि प्रत्येक घरातल्या मतदाराचं नाव, वय, कुठल्या पक्षाचा म्हणून नोंद आहे ते. मी उडालेच! आपल्याकडे मतदार यादीत पक्ष असतो का? इथे तो सरकारदरबारी नोंदवायचा असतो आणि ती नोंद उघड असते. एकाच दारामागे नवरा रिपब्लिकन आणि बायको डेमोक्रॅट अशी घरं ॲपवर लगेच दिसतात, आणि भाचीला पाठवलं होतं ते मुख्यतः तशाच घरांत.

एका दारावर पन्नाशीचा माणूस आला. अंगात फिलाडेल्फिया ईगल्सचा टीशर्ट, आत सामन्याचा आवाज. भाचीने बाईंचं नाव घेतलं. "ती घरी नाहीये." आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. भाचीने हसून कागद पुढे केला, तो त्याने घेतला आणि दार लावलं. आम्ही पायरी उतरलो तोच बाजूच्या गॅरेजचं दार थोडं वर गेलं. बाई, हाताला साबणाचा फेस. "माझं झालंय," एवढंच म्हणाल्या आणि अंगठा वर केला. कुठल्या बाजूने ते सांगितलं नाही. भाचीने ॲपवर "हॅरिसला भक्कम" अशी खूण केली. मी म्हटलं, बाई काही बोलल्या का तसं? ती म्हणाली, "मावशी, अंगठा बघितलास ना!" माझ्या हाताखालच्या केंद्रावर कोणी अशी नोंद केली असती तर मी खोडायला लावली असती.

दोन घरं सोडून उलटं. बाई दारातच फिस्कटल्या, आणि त्यांचा नवरा मागून माफी मागत बाहेर आला. तो हॅरिसचा, त्या ट्रम्पच्या. त्यांना राग कशाचा होता? "मी तीन पोरं वाढवली, घर सांभाळलं, आणि तुमच्या लोकांना वाटतं मी अडाणी." याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. ट्रम्प यांच्याबरोबर उपाध्यक्षपदाला उभे असलेले व्हान्स यांनी २०२१ मध्ये मूलबाळ नसलेल्या, मांजरं पाळणाऱ्या बायका देश चालवतायत अशी टवाळी केली होती. ते शब्द भाचीला पाठ होते, या बाईंच्या मनाला मात्र वेगळाच अपमान टोचत होता.

रविवार, ३ नोव्हेंबर

आज घड्याळं एक तास मागे. आणि भाऊबीज.

काल रात्री आयोवातल्या ॲन सेल्झर बाईंचा सर्व्हे आला होता. हॅरिस तिथे ४७-४४ ने पुढे, वयस्क बायकांच्या जोरावर. आयोवा ट्रम्पचा बालेकिल्ला आणि सेल्झर यांचे आकडे सहसा चुकत नाहीत, म्हणून भाची हवेत. पाटावर बसलेल्या भावाला ओवाळून म्हणाली, "ओवाळणी म्हणून तुझं मत दे." तो म्हणाला, "लोकशाहीत मतं विकत नाहीत, ताई," आणि स्टारबक्सचं गिफ्ट कार्ड तिच्या ताम्हणात टाकलं. इथे रोज एका मतदाराला दहा लाख डॉलर वाटणाऱ्या मस्क यांची आठवण बहिणीने करून दिली. मग जेवण गार होईपर्यंत तेच.

सोमवार, ४ नोव्हेंबर

फिलाडेल्फियात आर्ट म्युझियमच्या पायऱ्यांवर हॅरिस यांची शेवटची सभा. आम्ही दुपारपासून उभ्या. पाय गेले कामातून. ओप्रा विन्फ्री आल्या, लेडी गागा आल्या, आणि हॅरिस बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा मध्यरात्र व्हायला आली होती.

आठ वर्षांपूर्वी याच शहरात, मतदानाच्या आदल्या रात्री, हिलरी क्लिंटन यांची शेवटची मोठी सभा झाली होती. भाची तेव्हा शाळेत, आईबरोबर गेली होती. तेव्हा "पहिली महिला" हाच घोष होता. या वेळी हॅरिस ते जवळजवळ बोलतच नव्हत्या. त्यांची आई श्यामला गोपालन तमिळनाडूची, वडील जमैकाचे, पण रंग, बाईपण, यातलं काही त्या पुढे करत नव्हत्या. हे धोरण होतं, क्लिंटन यांच्या पराभवावरून घेतलेला धडा. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, माझ्याच वयाच्या कृष्णवर्णीय बाई म्हणाल्या, "ती म्हणत नाही, पण मी त्याच्यासाठीच आलेय."

गर्दीत पुरुष होते, पण बायका जास्त. मला ते खटकलं. ॲलनटाउनच्या रांगेत जोडपी होती, इथे मैत्रिणींचे घोळके.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

मतदान सकाळी सात ते रात्री आठ. बहिणीचं केंद्र एका चर्चच्या हॉलमध्ये. मी अर्थात बाहेर. दारापासून जेमतेम दहा फुटांवर दोन्ही पक्षांचे लोक कागद वाटतायत! आपल्याकडे शंभर मीटरच्या आत चिटपाखरू फिरकू देत नाहीत आणि प्रचार दोन दिवस आधीच बंद. बोटाला शाई नाही. त्या केंद्रावर पहिल्यांदा येणारे सोडले तर ओळखपत्रही मागत नाहीत, यादीत सही करायची की झालं. मतपत्रिका कागदी, पेनने खूण भरायची आणि स्कॅनरमध्ये सरकवायची. केंद्राध्यक्ष म्हणून माझा जीव वरखाली होत होता.

रांग मात्र एकच, बायका-पुरुष मिसळून. आमच्याकडे वेगवेगळ्या रांगा लावतो त्याचा मला कायम फायदाच दिसलाय, बायकांच्या रांगेत नवरा नसतो. वाई तालुक्यातल्या एका गावात एक आजोबा हट्टाला पेटले होते, बायकोबरोबर आत जाणार म्हणून, "तिला कळत नाही." मी जाऊ दिलं नाही. म्हातारी आत गेली, बटण दाबलं, बाहेर येऊन म्हणाली, "झालं तुमच्या मनासारखं." खरंखोटं यंत्राला ठाऊक. आणि हेही आपल्याकडचंच, की पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढंच सांगितलं होतं.

बहीण "मी मत दिलं" असं स्टिकर लावून बाहेर आली. आत शेजारच्या टेबलावर एक जोडपं पुठ्ठ्याच्या आडोशावरून एकमेकांच्या कागदात डोकावत होतं म्हणाली. डोकावत होती ती बायको.

बुधवार, ६ नोव्हेंबर

रात्री दोन वाजून गेल्यावर पेनसिल्व्हेनिया ट्रम्प यांचं झाल्याचं असोसिएटेड प्रेसने जाहीर केलं. भाची तोवर झोपायला गेली होती. भाच्याने आरडाओरडा केला नाही, टीव्हीचा आवाज कमी केला आणि बहिणीला ब्लँकेट आणून दिलं. पहाटे विस्कॉन्सिनने उरलंसुरलं संपवलं. शेवटी ३१२ विरुद्ध २२६.

एक्झिट पोलचे आकडे मी वहीत उतरवून घेतले. पुरुषांतले ५५ टक्के ट्रम्पकडे, बायकांतल्या ५३ टक्के हॅरिसकडे. एवढ्यावर थांबलं तर बायका विरुद्ध पुरुष असं चित्र दिसतं. पण बायकांचा कागद उलगडला की वेगळंच. कृष्णवर्णीय बायका दहातल्या नऊ हॅरिसकडे. गोऱ्या बायका ५३ टक्के ट्रम्पकडे. त्यातही पदवी घेतलेल्या गोऱ्या बायका हॅरिसच्या, पदवी नसलेल्या ६० टक्क्यांहून जास्त ट्रम्पच्या. आणि २०२० मध्ये बायडेन या पुरुषाला बायकांची मिळाली होती त्याहून कमी मतं हॅरिस या बाईला, ५७ वरून ५३. लॅटिनो पुरुषांतले निम्म्याहून जास्त या वेळी ट्रम्पकडे. ॲलनटाउनचा भट्टीवाला त्यात असणार, गल्ल्यावरच्या बाई बहुधा नाहीत. मिसुरीत तर लोकांनी गर्भपाताचा हक्क घटनेत घातला आणि त्याच कागदावर ट्रम्पला भरघोस मतं दिली. शेजारच्या आजींसारखी माणसं तिथे पुष्कळ असावीत.

बायकांची गठ्ठा मतं अशी चीज मला ड्युटीवर कधी दिसली नाही आणि इथेही दिसली नाही. पुरुषांना कोणी गठ्ठा समजत नाही, त्यांना कामगार, शेतकरी, व्यापारी असं वेगळं मोजतात. हॅरिस यांच्या लोकांनी नवऱ्याच्या धाकाखालची गुप्त मतं मोजून ठेवली होती. ती पेटीतून निघाली नाहीत. आयोवा ट्रम्प १३ टक्क्यांनी जिंकले. आणि बक्स काउंटी, जिथे भाचीने अंगठ्याची खूण केली होती, अगदी थोडक्या मतांनी का होईना रिपब्लिकनांकडे गेली, १९८८ नंतर पहिल्यांदाच. त्याच वेळी हॉटेलवाल्याचा पुतिनही मला विसरता येत नव्हता. दोनदा बाई उभी राहिली, दोनदा त्याच माणसाकडून हरली. महागाई हे कारण आहेच, पण त्या एकाच कारणात सगळं बसवणाऱ्यांना मी एकदा त्याच्या टेबलावर बसवेन.

चार वाजता हॅरिस हॉवर्ड विद्यापीठात बोलल्या. पराभव मान्य केला, लढणं सोडलेलं नाही म्हणाल्या. भाची तेवढ्यापुरती खाली आली. भावाने तिच्यासाठी चहा ठेवला होता, तो तिने घेतला, बोलली नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

मराठी मंडळींचा दिवाळी फराळ, एका शाळेच्या कॅफेटेरियात. ग्रुपवर आधीच सूचना: राजकारण काढायचं नाही. त्यामुळे सगळे दबक्या आवाजात तेच बोलत होते. पैठणी नेसलेल्या एक बाई, इथे पंचवीसेक वर्षं असतील, मला म्हणाल्या, "आम्ही दोघं एकाच गाडीतून गेलो, ते हॅरिसना, मी ट्रम्पला. पेट्रोल फुकट." ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षं रांगेत काढली आणि कुंपण ओलांडून येणारे आधी आत, हा त्यांचा राग. नवरा शेजारी उभा राहून चकली खात होता, त्याला हे नवीन नव्हतं.

मग चौकशी महाराष्ट्राची. विधानसभेचं मतदान २० तारखेला, मी त्याआधी घरी पोचते. लाडक्या बहिणी काय करणार, हे सगळ्यांनाच हवं होतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या खात्यात महिना दीड हजार प्रमाणे पाच हप्ते जमा झालेत, तेवढं मी सांगितलं.

"मग त्यांचं मत नक्की?"

मी म्हटलं, मला माहीत नाही, आणि आमच्याकडे तसं विचारायची पद्धत नाही.

"इथे विचारावं लागत नाही," पैठणीवाल्या बाई म्हणाल्या, "ॲपमध्ये असतं लिहिलेलं."